पोट कुणाचं, घास कुणाचा

बेंदूर, म्हणजे बैलांचा सण, झाला की दुसऱ्या दिवशी आमच्या भागातल्या जनावरांच्या डॉक्टरांचा फोन लागत नाही, आणि लागला तरी मागनं वाऱ्याचा आवाज, डॉक्टर गाडीवरच, "आलो आलो, एक पोट फुगलेली केस बघून येतो." लग्नसराईत पण तीच तऱ्हा. कारण गावात सगळ्यांना माहितीय आणि तरी दरवर्षी तेच होतं. बैलाला पुरणपोळी घालायची पद्धत आहे, नैवेद्याची एक घातली तर काही बिघडत नाही हो, पण घरातली पोरंसोरं, शेजारचे, पुण्याहून सणाला आलेले पाहुणे, सगळ्यांना आपापल्या हातानं घालायची असते आणि फोटोपण काढायचा असतो, मग त्या बैलाच्या पोटात दिवसभरात किती गूळ आणि किती पीठ गेलं याचा हिशोब कोण ठेवणार. लग्नाचं तर बोलायलाच नको. उरलेला भात, बुंदी, जिलेबी, "वाया कशाला घालवायचं, जनावरं खातील" म्हणून पातेलीच्या पातेली गव्हाणीत ओततात.

आमच्या आत्याबाई म्हणतात, "मुक्या जनावराला वर्षातनं एकदा तर गोडधोड मिळतंय, खाऊ दे की गं." प्रेम आहे, त्यात वादच नाही. पण घास आपला आणि पोट त्याचं, घोळ तिथं होतो, आणि ह्या घोळावर मला कधीपासून लिहायचं होतं.

मी कराड तालुक्यात दिलेली, माहेर शिराळ्याचं. म्हणजे सासरी गोठाभर जनावरं आणि माहेरी नाग. त्यात शिक्षण बीएस्सी झूऑलॉजी, त्यामुळे "एवढं शिकून गोठ्यात काय करतेस" असं विचारणारे पाहुणे वर्षाला एकदोन तरी भेटतातच. मी म्हणते इथंच तर प्रॅक्टिकल आहे, कॉलेजात फॉर्मॅलिनमधला बेडूक होता नुसता.

गायीचं पोट समजून घ्यायचंय तर पुस्तक नको, बकऱ्याची वजडी साफ करायला बसा. (शाकाहारी मंडळींनी हा पॅरा सोडून पुढं जावं, मी काही मनाला लावून घेणार नाही.) बकरी, मेंढी, गाय, म्हैस, सगळ्यांची रचना एकच, फक्त साईज वेगळा. गरम पाण्यातनं काढून, चुना लावून खरवडायला घेतली की पहिल्यांदा हाताला लागतो तो सगळ्यात मोठा तुकडा, आतनं टॉवेलसारखी लव असलेला. हे कोटीपोट. मोठ्या गायीत ह्यात दीडशे लिटरच्या आसपास माल मावतो, पाण्याच्या बॅरलच्या पाऊण भाग धरा. त्याला लागून छोटं, आतनं षटकोनी जाळी असलेलं, ते जाळीपोट, वजडीतला माझा सगळ्यात आवडता तुकडा, कारण रस्सा त्या खणांमधे धरून राहतो. मग एकावर एक पानं रचलेलं पडदेपोट, जे साफ करायचा आम्हा सगळ्या जावांना कंटाळा येतो आणि जे नेहमी सगळ्यात धाकटीच्या वाट्याला जातं. आणि शेवटचं गुळगुळीत, बुळबुळीत, ते चौथं, खरं पोट. खरं अशासाठी की तुमच्या-माझ्या पोटात जसं ॲसिड सुटतं तसं फक्त ह्या चौथ्यातच सुटतं. आधीच्या तिघांत ॲसिड सुटायची सोयच नाही.

मग एवढी मोठी तीन पोटं कशाला? तर गायीला गवत पचत नाही. खरंच नाही पचत. गवताचा, कडब्याचा जो चिवट भाग असतो, सेल्युलोज, तो तोडणारा रस ना गायीच्या शरीरात तयार होतो ना आपल्या. गाय काय करते, तर कोटीपोटात जंतू पाळते. त्या पाण्याच्या एका थेंबात कोट्यवधी जंतू असतात, त्यांना ऊब देते, अंधार देते, दिवसभर वैरण पुरवते, आणि ते जंतू कडबा कुजवतात, म्हणजे आंबवतात. त्यातनं जी आम्लं निघतात, त्यात मुख्य ॲसिटिक ॲसिड, जे व्हिनेगरमधे असतं तेच, ती आम्लं कोटीपोटाच्या लवेतनं रक्तात जातात आणि गायीला लागणाऱ्या ताकदीतला बहुतेक वाटा तिथनंच मिळतो. आणि वाढलेले जंतू पुढं सरकत सरकत चौथ्या पोटात पोचले की तिथल्या ॲसिडात मरतात आणि पचतात, तेच गायीचं प्रोटीन. थोडक्यात जंतू गवत खातात आणि गाय जंतू खाते. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा गोठ्यात जाऊन आमच्या गायीकडं बघत उभी राहिले होते बराच वेळ, शाकाहारी म्हणून पूजा करतो आपण हिची.

डेअरीला दूध घालणाऱ्यांना हे सगळं माहिती असतं, फक्त वेगळ्या भाषेत. "आज फॅट लागली नाही" हे वाक्य आमच्या गावात सकाळ-संध्याकाळ ऐकू येतं. आता दुधातल्या फॅटचा बराचसा भाग त्या ॲसिटिक ॲसिडपासनं तयार होतो, आणि ते निघतं कडब्यातनं, वाळल्या वैरणीतनं. दूध वाढावं म्हणून भरडा, पेंड, गोळी पेंड भारंभार घातली आणि वैरण कमी केली की लिटर वाढतात पण फॅट पडते, आणि रेट फॅटवर असतो, म्हणजे खर्च करून दर घालवायचा. मग माणसं डेअरीतल्या मशीनवर संशय घेतात. मशीनचंही कधी काय असेल ते असेल, पण आधी गव्हाणीत बघावं.

खायची पद्धत पण बघण्यासारखी. गायीला वरचे पुढचे दात नसतातच. बैल बघायला जाणारी माणसं खालचा ओठ ओढून दात बघतात, आदत (अजून दुधाचेच दात) आहे का दुसा (दोन पक्के) का चौसा (चार पक्के), शर्यतीवाल्यांना तर ह्याच्याशिवाय दुसरी भाषा येत नाही, पण ते सगळे दात खालचे, वर नुसती कडक हिरडी. त्यामुळं गाय चावून निवडून खात नाही, जीभ लांब काढून पेंढीला वेढा घालते, ओढते आणि गिळते. चावायचं नंतर बघू. पोट भरलं की सावलीत बसायचं आणि मग एकेक गोळा परत तोंडात आणून चघळायचा, रवंथ. दिवसातले सात-आठ तास ह्यातच जातात. आणि चघळताना लाळ सुटते, दिवसाला शंभर लिटरच्या वर, वाचताना मला पण छपाईची चूक वाटली होती पण खरंच शंभरच्या वर. त्या लाळेत सोडा असतो, आपण खायचा सोडा म्हणतो तोच, तो कोटीपोटातलं ॲसिड मारत राहतो म्हणून जंतू जगतात. हे लक्षात ठेवा, पुरणपोळीकडं परत यायचंय.

पण त्याआधी, न निवडता गिळायची सवय असल्यामुळं जे होतं ते. कडबाकुट्टीत गेलेली तारेची तुकडी, टायरमधली तार, चप्पलेचा खिळा, सगळं घासाबरोबर आत. जड असल्यामुळं जाळीपोटात जाऊन बसतं, आणि जाळीपोटाला लागून एक पातळ पडदा आणि त्याच्या पलीकडं हृदय. पोट आकुंचन पावतं तशी तार पुढं सरकते. गाय उतारावरनं चालायला बघत नाही, कोपर बाहेर काढून उभी राहते, कण्हते, आणि लोक म्हणतात दृष्ट लागली. काही ठिकाणी डॉक्टर तोंडावाटे लोहचुंबक गिळायला देतात, ते आयुष्यभर जाळीपोटात पडून राहतं आणि तारा धरून ठेवतं. शेळीला हा त्रास फार कमी, कारण शेळी ओठानं एकेक पान निवडून खाते. शेळी काहीपण खाते असं लोक म्हणतात ते साफ चूक आहे, गोठ्यात तिच्याएवढं चिकित्सक कुणी नाही. आणि शहरातल्या मोकाट गायींच्या पोटातनं ऑपरेशन करून किलोकिलोनं प्लॅस्टिक काढतात ते पण ह्याच कारणानं, पिशवी ना कुजते ना पुढं सरकते, कोटीपोटातच गोळा होऊन बसते आणि गाय भरल्या पोटानं उपाशी मरते.

आता पुरणपोळी. भात, गूळ, साखर, पीठ, हे सगळं कोटीपोटात पडलं की तिथल्या जंतूंना पण सण. पण कडबा कुजवणारे जंतू सावकाश काम करणारे, आणि साखर-पिठावर जगणारे दुसरे, जे एरवी थोडेच असतात, ते काही तासांत बेसुमार वाढतात आणि लॅक्टिक ॲसिड तयार करतात. कोटीपोटाचा पीएच एरवी सहा ते सातच्या दरम्यान असतो तो पाचाच्या खाली जातो, कडबा खाणारे जंतू मरायला लागतात, पोटाची हालचाल बंद. भात मऊ, चघळायला काहीच नाही, म्हणून रवंथ नाही, रवंथ नाही म्हणून लाळ नाही, लाळ नाही म्हणून सोडा नाही, म्हणजे ॲसिड मारायला कुणीच नाही. वर ॲसिडमुळं अंगातलं पाणी पोटात ओढलं जातं, डोळे खोल जातात, पातळ आंबूस शेण, जनावर झिंगल्यासारखं चालतं आणि बसतं. जास्त झालं तर दोन दिवसात जनावर जातं. गेलेलं बघितलंय गावात, लाखाची गाय, लग्नाच्या भातानं.

आमचे डॉक्टर आल्या आल्या औषधाची पेटी उघडत नाहीत, आधी जनावराच्या डाव्या भकाळीत, म्हणजे बरगड्यांच्या मागच्या खोलगट जागेत, मूठ दाबून उभे राहतात, घड्याळ बघत. कोटीपोट डाव्या अंगाला असतं आणि चांगल्या जनावरात मिनिटाला एक-दोनदा ते हलताना मुठीला कळतं. मी पण शिकले ते, अवघड नाहीये, सकाळी धारा काढताना सहज मूठ ठेवून बघायची सवय लावली तर आजारी पडायच्या आधीच कळतं की आज काहीतरी बिनसलंय. पोटफुगी मात्र जरा वेगळी. कोटीपोटात सतत गॅस तयार होतो, मिथेन आणि कार्बन डायऑक्साइड, आणि गाय तो ढेकरेवाटे बाहेर टाकते, एक गाय दिवसाला काहीशे लिटर मिथेन सोडते. गोबरगॅसच्या टाकीत होतं तेच आधी गायीत होतं. ढेकर अडली, किंवा कोवळा ओला लसूणघास उपाशीपोटी भरपूर खाल्ला आणि आत फेस झाला, की डावी बाजू ढोलासारखी होते. तेव्हा वेळ अगदी थोडा असतो, नुसता गॅस असेल तर डॉक्टर भकाळीतनं जाड सुई घालून काढतात, फेस असेल तर फेस मोडायचं औषध देतात. तोपर्यंत जनावराचं तोंड चढाच्या बाजूला ठेवून उभं करायचं, आडवं पडू द्यायचं नाही. यूट्यूब बघून स्वतः भोसकायला जाऊ नका.

ऊसपट्ट्यात राहतो म्हणून अजून एक. तोडी सुरू झाल्या की चार-पाच महिने वाढ्यांवर, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्यांवर, जनावरं सांभाळतात सगळे, फुकट किंवा स्वस्तात मिळतात, हिरवीगार दिसतात, जनावर आवडीनं खातं. पण वाढ्यात ऑक्झलेट असतं, ते कॅल्शियमला धरून बसतं आणि शेणावाटे घेऊन जातं. दुभत्या गायीला आधीच कॅल्शियम कमी पडत असतं, मग व्यायली की उठता येत नाही, गाभ धरत नाही, ह्या तक्रारी. उपाय जुनाच आणि स्वस्त, चुन्याची निवळी वाढ्यांवर शिंपडायची आणि नुसत्या वाढ्यांवर ठेवायचं नाही, कडबा मिसळायचा. तसंच कोवळ्या ज्वारीचं. पावसानं ओढ दिल्यावर फुटलेले खोडव्याचे, म्हणजे कापलेल्या बुडख्याचे, कोंब खाल्ले की किराळ लागते, त्या कोंबात असं द्रव्य असतं की जे पोटात गेल्यावर सायनाइड तयार होतं, जनावर तासाभरात आडवं. हे आमच्या सासऱ्यांना डिग्रीशिवाय माहिती आहे, आणि ते बांधावर उभे राहून गुराख्याला ओरडतात तेव्हा मला माझ्या मार्कशीटची लाज वाटते. तीच ज्वारी फुलोऱ्यात आली की बिनधास्त घाला.

घोड्याचं सगळं उलटं. माण-खटावकडनं येणाऱ्या धनगरांच्या वाड्यात मेंढरं असतात आणि सामान वाहायला घोडी असतात. एकाच माळावर एकच गवत खातात दोघं, पण घोड्याची लीद फोडून बघा, काड्या स्पष्ट दिसतात, आणि गायीच्या शेणात काडी शोधायला लागते. घोड्याला पोट एकच, रवंथ नाही, त्याचे जंतू मागं, मोठ्या आतड्याच्या सुरवातीला जी मोठी पिशवी असते तिथं. म्हणजे अन्नातलं जे सहज मिळतं ते आधी घोडा घेतो आणि उरलेलं जंतूंना, काम भराभर पण अर्धवट. म्हणून घोड्याला जास्त खावं लागतं आणि म्हणूनच सारवायला शेण लागतं, लिदीनं सारवलेलं अंगण कुणी बघितलंय का. हत्तीचं पण घोड्यासारखंच, खाल्लेल्यातलं निम्म्याहून जास्त तसंच बाहेर. सशाचे जंतू पण मागंच, पण ससा हुशार, पहिल्यांदा बाहेर पडलेल्या मऊ गोळ्या तो परत खातो, म्हणजे एकच अन्न दोनदा पचवून घेतो. ससे पाळलेत आणि घाण सवय म्हणून मारताय त्यांना, तर नका मारू.

घाटात गाडी थांबवून बिस्किटं टाकणाऱ्यांसाठी एवढंच सांगते की काळ्या तोंडाचं जे वानर असतं त्याचं पोट पण साधारण गायीच्या धर्तीवर कप्प्यांचं असतं, पानं आंबवून पचवायला. लाल तोंडाच्या माकडाचं तसं नाही, त्याचं पोट आपल्यासारखंच एक आणि गालात पिशव्या, भरून घ्यायच्या आणि झाडावर जाऊन निवांत खायचं. बिस्किट दोघांनाही नको पण वानराला तर अजिबातच नको.

कोंबडीचं मला कायम कौतुक वाटतं. दात नाहीत, रवंथ नाही, आणि ज्वारीचा अख्खा दाणा पचवते. खाल्लेलं आधी गळ्याखालच्या पिशवीत, संध्याकाळी कोंबड्या डालग्यात कोंडताना हात लावला तर ती पिशवी टम्म लागते हाताला. तिथनं ॲसिडच्या छोट्या पोटात, आणि मग पेट्यात. चिकनच्या दुकानात कलेजी-पेटा म्हणून मिळतो तो जाड मांसाचा गोळा म्हणजे कोंबडीचं जातं आहे. गावठी कोंबडीचा पेटा चिरला की आत खडे सापडतात, ते चुकून गेलेले नाहीत, तिनं वेचून गिळलेले असतात, दाणा भरडायला. ब्रॉयलरला भरडूनच खाद्य देतात म्हणून तिच्या पेट्यात खडे नसतात.

आता माहेर. बत्तीस शिराळ्याची नागपंचमी महाराष्ट्रभर माहिती आहे, पूर्वी जिवंत नाग पकडून पूजा व्हायची, मग कोर्टाच्या आदेशानंतर त्याच्यावर बंधनं आली, त्यावर आमच्या भागात अजून दोन गट आहेत आणि सणाला माहेरी गेले की मी त्या विषयात तोंड उघडत नाही. पण नागाला दूध ह्या विषयात उघडते. नाग मांसाहारी आहे, पूर्ण, उंदीर, बेडूक, दुसरे साप, अंडी, पिल्लं. दूध पचवायची त्याच्यात सोय नाही, कुठल्याच सापात नाही, सापाची आई कधी पाजते का पिल्लाला? गारुड्याचा नाग दूध पिताना दिसतो तो तहानलेला असतो, कित्येक दिवस पाणी न देता ठेवलेला, तो दूध पीत नाही, त्यातलं पाणी पितो, आणि मग तेच दूध कधी फुफ्फुसात जातं, कधी पोटात नासतं. आजी म्हणायची, "नागोबाला दूध ठेव, तो वास घेऊन जातो." वास घेऊन जात असेल तर काहीच हरकत नाही, वाटी ठेवा आणि मांजराची सोय करा.

नागाचं खाणं बघितलं असेल तर कळेल की त्याला आपल्यासारखं घास घास खाणं माहितीच नाही. खालच्या जबड्याची दोन्ही हाडं हनुवटीला जोडलेलीच नसतात, एक बाजू पुढं सरकते, दात रोवते, मग दुसरी, असं चालत चालत तोंडच उंदरावरनं पुढं जातं. जबडा निखळतो म्हणतात ते खरं नाही, तो मुळातच सैल असतो. गिळताना श्वासनळीचं तोंड बाहेर काढून ठेवतो म्हणून गुदमरत नाही. पचन अंगाच्या ऊबेवर, म्हणून खाल्ल्यावर उन्हाला येऊन पडतो, हाडं पण विरघळतात, केस तेवढे बाहेर येतात. आणि खाऊन पडलेल्या सापाला काठीनं डिवचलं तर तो खाल्लेलं ओकून टाकतो आणि पळतो, म्हणजे त्याची आठवड्याभराची कमाई घालवली आपण. बर्मी अजगरावर तर असा अभ्यास झालाय की मोठं जेवण झाल्यावर दोन दिवसांत त्याचं हृदय ४० टक्क्यांनी वाढतं, पचवायला जादा रक्त लागतं म्हणून, आणि काम झालं की परत पूर्ववत. भिलवडी, औदुंबरकडच्या कृष्णेतल्या मगरीपण ह्याच जातकुळीतल्या, एकदा पोटभर मिळालं की पुढं कित्येक आठवडे काही नाही मिळालं तरी चालतं. आपल्याला दुपारचा चहा चुकला की डोकं दुखतं.

आपल्याकडं येऊ. ज्वारीचं ताट बघा, वर कणीस, खाली कडबा. दाण्यातला स्टार्च पण ग्लुकोजचीच साखळी आणि कडब्यातलं सेल्युलोज पण ग्लुकोजचीच साखळी, कड्या त्याच, फक्त एकमेकींत अडकवायची पद्धत वेगळी. दाण्यातली पद्धत उघडायची किल्ली आपल्या लाळेत आहे, भाकरीचा नुसता तुकडा, काहीही न लावता, मिनिटभर चावत राहा, गोड लागायला लागतो. कडब्यातली किल्ली आपल्याकडं नाही, ती गायीच्या पाहुण्यांकडं आहे. म्हणून एका ताटाची वाटणी होते, कणीस चुलीकडं आणि कडबा गव्हाणीकडं, आणि गव्हाणीतलं दुधाच्या रूपानं परत चुलीकडं येतं. माण तालुक्यात दुष्काळात छावण्या पडतात तेव्हा माणसांना रेशनचं धान्य मिळतं, पण जनावरांना वैरण कुठनं आणायची ह्यावरच सगळं अडतं ते ह्याच वाटणीमुळं.

आपलं पोट लहान, एक-दीड लिटरचं. आपण निम्मं पचन चुलीवरच उरकतो की, शिजवलं म्हणजे स्टार्च फुगून मऊ होतो. पोटाच्या आत नक्की काय चालतं हे माणसाला कळलं ते पण एका अपघातानं, ही गोष्ट मला फार आवडते. १८२२ साली अमेरिकेत मॅकिनॅक बेटावर अलेक्सिस सेंट मार्टिन नावाच्या पोराला जवळनं बंदुकीची गोळी लागली, विल्यम बोमाँट नावाच्या लष्करी डॉक्टरनं जगवला, पण पोटाचं भोक बुजलंच नाही, डाव्या बाजूला उघडंच राहिलं. मग डॉक्टरनं काय करावं, रेशमी दोऱ्याला मांसाचा तुकडा, ब्रेड, कोबी बांधून त्या भोकातनं पोटात सोडायचा आणि थोड्या थोड्या वेळानं ओढून बघायचा किती विरघळलं. कित्येक वर्षं चाललं हे, १८३३ मधे पुस्तक आलं. पोटात नुसतं कांडण होत नाही, तिथला रस अन्न विरघळवतो, बाटलीत काढला तरी विरघळवतो, हे त्यातनं पक्कं झालं. आणि सेंट मार्टिन चिडला की त्याचं पचन बिघडतं हे पण डॉक्टरनं लिहून ठेवलंय. आता तुमच्या पोटात कुणी दोऱ्या सोडायला लागलं तर तुम्ही पण चिडालच की. बिचारा अधनंमधनं पळून जायचा, पण जगला १८८० पर्यंत, डॉक्टरच्या मागं बरीच वर्षं.

पोटातनं पुढं सहा-एक मीटर लहान आतडं, खरं काम तिथं, पित्त, स्वादुपिंडाचा रस, शोषण, सगळं. गायीचं हेच आतडं चाळीस मीटरच्या आसपास. आणि शेवटी दीड मीटर मोठं आतडं, जिथं आपले पण जंतू आहेत, म्हणजे थोडेसे घोडे आपणपण आहोत. पावटा, चवळी, हरभऱ्याची उसळ खाल्ली की रात्री जे होतं ते त्यांचंच काम, कडधान्यातल्या काही साखरा आपल्याला तोडता येत नाहीत, त्या थेट त्यांच्याकडं जातात आणि ते गॅस करतात. भिजवलेलं पाणी टाकून दिलं आणि मोड आणले की त्या साखरा बऱ्याच कमी होतात, आपल्या आज्या मोड आणत होत्याच.

दुधाचं आपल्यात दोन तट आहेत. दुधातली साखर तोडणारा लॅक्टेज नावाचा रस लहानपणी सगळ्यांत असतो, मोठेपणी बऱ्याच जणांत कमी होतो, माझ्या नवऱ्याला ग्लासभर दूध प्यायलं की पोट गुरगुरतं आणि ताक मात्र तांब्याभर चालतं, कारण विरजणातल्या जंतूंनी त्यातली काही साखर आधीच खाल्लेली असते. दुधाचा धंदा करणाऱ्या घरात दूध न पचणारा माणूस. सासरे त्याला अजून नाटकं म्हणतात.

आणि वासराचं. वासरू जन्मतः रवंथ करणारं नसतं, त्याचं कोटीपोट अगदी छोटं असतं, आणि दूध ओढताना अन्ननळीच्या पुढं एक पन्हाळ मिटून नळी तयार होते, दूध कोटीपोटाला वळसा घालून थेट खऱ्या पोटात. कोटीपोटात दूध गेलं तर नासतं, म्हणून बादलीनं पाजताना घाई करायची नाही, तोंड खाली बुडवायचं नाही. वैरण चघळायला लागलं की जंतू येतात आणि कोटीपोट वाढायला लागतं. पण चीक मात्र लगेच पाजायचा. आईच्या पोटात असताना वासराला आईकडनं रोगाशी लढायची ताकद मिळतच नाही, ती सगळी चिकात असते, आणि वासराचं आतडं ती जशीच्या तशी आत घेऊ शकतं ते फक्त पहिले काही तास, साधारण दिवसभरात ते दार बंद. आणि आमच्याकडं काय पद्धत, तर वार (जार) पडेपर्यंत पाजायचं नाही, तोपर्यंत वासरू सुकून जातं, आणि गाय व्यायली की शेजारणी भांडं घेऊन हजर, "खरवसाला चीक ठेवा हं वैनी." यंदा मी आत्याबाईंना सरळ सांगितलं, व्यायल्यावर पहिल्या तासात वासराला दोन लिटर, वाराची वाट बघायची नाही, संध्याकाळी परत, आणि उरलेला सगळा चीक तुमच्या शेजारणींचा. संकरित गायीला वासराच्या गरजेपेक्षा कितीतरी जास्त चीक येतो, खरवस काही बुडत नाही. त्या म्हणाल्या, "पहिल्या धारेचा खरवसच घट्ट होतोय, दुसऱ्याचा पाणचट." मी म्हटलं वेलदोडा जरा जास्त घाला.